गुहागर ते गणपतीपुळे, गच्चीवरून

नकाशा बालामणीच्या भाच्यानं काढून दिला,
टॉवेलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
समुद्र निळ्या पेनानं. ते मध्येच संपलं,
म्हणून हेदवीच्या खाली समुद्र काळा आहे.

चौघी आम्ही, हेमिंग खात्यातल्या.
दिवसाला सहाशे टॉवेल, दोन्ही टोकं दुमडून टीप.
शहनाजनं एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडला:
सव्वीस वर्षांत सात हजार किलोमीटर काठ,
खुर्चीवरून न उठता.
मग म्हणाली, आता सत्तरच. पण पायांनी.

सुट्टी मिळते ती गड्ड्याच्या यात्रेला.
रेवम्मा वही पुढ्यात घेऊन बराच वेळ बसली.
नंदीध्वज चुकेल माझा, म्हणाली, जन्मात पहिल्यांदा.
आणि यादीत स्वतःचं नाव लिहिलं,
सगळ्यांच्या वर.

कडक भाकरी, माणशी बारा. शेंगाचटणी.
गुडघ्याचं तेल. टॉर्च. शिट्टी, हरवलीच कुणी तर.
चादर एकेक, आपलीच,
(बालामणी: चादर विकत घेणारी सोलापूरकर
मला अजून भेटायचीय.)
आणि सेकंड मालातले आठ टॉवेल,
एका बाजूनं उसवलेले, मुद्दाम.
वाळूत तंबूचे खिळे धरत नाहीत म्हणे,
टॉवेलात वाळू भरायची, दोरी बांधून पुरायचं.
हे मी शोधलं. माझं नाव घालावं वहीत.

वेळणेश्वरच्या खानावळीतल्या भाटकरबाई
फोनवर कोकणीत हसल्या, मग मराठीत:
वाळूवर झोपू नका हो, सुरूच्या बनात झोपा.
आणि भरतीचं सोपं आहे, तिथीची पाऊणपट करायची.
अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा.
सहाला भरती, बाराला ओहोटी,
पुन्हा सहाला भरती. दुपारी कातळाखालून निघून जा.
एवढंच? एवढंच.
दिवसातनं दोनदा?
दोनदा.
रेवम्मानं फोन ठेवला
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं,
जिथं तिनं नळाचे दिवस गोल केलेत,
पाचवा, कधी सहावा, एकदा आठवा.

रंगीत तालीम म्हणून कार्तिकातल्या शनिवारी
माझ्या गच्चीवर तंबू उभा केला.
सिमेंटमध्ये खिळा कसा जाणार?
चार कोपऱ्यांना मागाची जुनी लोखंडी वजनं,
नवऱ्यानं भंगारात न दिलेली.
आतमध्ये चौघी, आठ कोपरं.
बालामणी तेलुगूत घोरते हे तेव्हा कळलं.
शहनाज मात्र जागीच.
कुजबुजली, खरं सांगू? मी समुद्र बघितलेला नाही.
हिप्परग्याचा तलाव बघितला भरलेला, एकदा.
त्याच्या पलीकडचा काठ दिसत होता.
इथं दिसणार नाही ना?
मी म्हटलं, नाही.
मग चालत राहायचं कशाच्या भरवशावर?
मी म्हटलं, झोप.

दोन चाळीसला गल्लीत कुणीतरी ओरडलं.
पहिल्यांदा हवा आली, नळाच्या घशातली,
मग खाली सगळीकडे एकदम,
घागर, बादली, टिपाड, प्लॅस्टिकचे डबे,
शंभर भांड्यांचा एकच चढता सूर,
रिकाम्यातनं भरत जाणारा.
दारं उघडली. दिवे लागले.
आम्ही चौघी तंबूतनं रांगत बाहेर,
जिन्यावरनं अनवाणी,
रेवम्मा सगळ्यांच्या पुढे, शिट्टी गळ्यात तशीच.

साडेचारपर्यंत भरलं.
टाकीवर टेकून ओल्या साड्या पिळत बसलो.
कपाळाला हात लावून बालामणी म्हणाली,
आमच्या नळाची तिथी कुठल्या पंचांगात?
शहनाज काही बोलली नाही.
पुठ्ठा उजेडात धरला तिनं,
कारकुनासारखी जिभेनं पेन्सिल ओली केली
आणि काळ्या समुद्राच्या कडेला, रिकाम्या जागेत लिहिलं:

सोलापूर. भरती, दोन चाळीस.

मग खोडायला गेली. आणि खोडलं नाही.