दोन बंब

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी
कुणी मोठ्यानं बोलत नाही.
चोवीस तासांची पाळी संपवून आलेला माणूस
माजघरात गार लादीवर पालथा झोपलाय.
कानामागे काळी रेघ,
साबणाला सापडली नाही ती.

काल आसोलीच्या सड्यावर काजूची बाग पेटली.
"वारा फिरला," एवढंच म्हणाला,
आणि दोन पेले सोलकढी प्यायला, उभ्याउभ्याच.

पोरं मागल्या अंगणात.
गौरांगला साठांच्या राखणीला बसवलं,
त्यानं कडेकडेनं एक साठ निम्मं केलंय.
अन्वी नळी धरून जास्वंद विझवतेय,
सायरन तोंडातल्या तोंडात,
बाबा उठेल म्हणून.

तिन्हीसांजेला मी न्हाणीतला बंब पेटवते.
सोडणं, दोन करवंट्या, घासलेटाचा थेंब.
"आई, ह्यालाही बंबच का म्हणतात?
बाबाच्या बंबात तर पाणी असतं."
"ह्याच्यातही असतं गो. विस्तवाच्या भोवती."
खरं की खोटं, ती बोट लावून बघते.

किंकाळी पुरती व्हायच्या आत तो दारात,
लुंगी एका हातात धरलेली.
तिचं बोट पिंपातल्या पाण्यात बुडवून
उकिडवा बसून राहतो,
बोट बरं झाल्यावरही.
मग मला म्हणतो, "सोडणं कमी घाल."

आज त्याची सुट्टी.
फोन खिडकीत, चार्जिंगला.
आम्ही चौघं त्याच्याकडे पाठ करून
पेज जेवतो.