घडी

बातुमीच्या त्या हॉटेलात एकशेबारा खोल्या,
आणि तळघरात आम्ही दोघी, मी नि नानुली.
चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.
वाफेनं चष्मा धुरकटायचा, तरी मी
इस्त्रीच्या टेबलाला टाचलेला कागद बघत पुटपुटायची :
एकशेअठ्ठावीस, एकशेब्याण्णव, दोनशेचोवीस, दोनशेचाळीस...
"कुणाचे नंबर पाठ करतेस?" नानुलीनं विचारलं,
"सापडला की काय एखादा?"

म्हटलं, परीक्षा आहे. जाळ्यांची.
माशांच्या नाही गं, संगणकांच्या.
एक पत्ता देतात, एक मास्क देतात,
आणि विचारतात, हा कुठल्या आळीत राहतो.
प्रश्नाला धड मिनिटही नाही. कॅल्क्युलेटर नाही.
आणि माझ्या वहीत एकेका उत्तराला पाऊण पान,
शून्य नि एक, शून्य नि एक,
आठ-आठांच्या रांगा,
बर्फावरून कोंबड्या चालून गेल्यासारख्या.

आमच्या भाषेत आकडे विसांनी चालतात.
सत्याहत्तर म्हणजे तीन विसा नि सतरा.
एकशेब्याण्णव : शंभर, चार विसा नि बारा.
जीभ विसांत मोजते, यंत्र दोनांत,
आणि मध्ये अडकलेली मी,
दोन विसांना एक वर्ष कमी.

नानुलीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
तिनं चादर ताणली, झटकली,
माझ्याकडे चालत आली. टोकाला टोक.
"किती म्हणालीस सगळे मिळून? दोनशेछप्पन्न? घे, निम्मे केले."
एकशेअठ्ठावीस.
पुन्हा टोकाला टोक. चौसष्ट.
बत्तीस.
सोळा.
"यापुढे कर तुझी तू, जाड होतेय."

त्या रात्री मी शून्यं मांडणं सोडलं.
मास्क दोनशेचोवीस? दोनशेछप्पन्नातून काढ. उरले बत्तीस.
म्हणजे तीनदा दुमडलेली चादर.
शून्य, बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव.
सत्याहत्तर कुठे? चौसष्टच्या घडीत.
आळीचं नाव चौसष्ट, शेवटचा पंच्याण्णव,
मधले तीस राहायला.
चादर कपाटात जाईतो उत्तर तयार.

"मग पहिला नि शेवटचा रिकामे का ठेवता? भाड्यानं द्या."
पहिला म्हणजे आळीचं नाव. नावात कुणी राहत नाही.
शेवटच्यावर हाक घातली, की आळीत सगळ्यांना ऐकू जाते.
"हं," ती म्हणाली, "आमच्या जिन्यातली लामारा."

मार्चमध्ये यंत्र आलं.
इकडून ओली चादर घ्यायचं, तिकडून घडी द्यायचं,
एक अक्षर न बोलता.
मॅनेजर म्हणाला, आता एक जण पुरे.
आम्ही दोघींनी यंत्राकडे पाहिलं, एकमेकींकडे नाही.
मग नानुली म्हणाली, खांदा तसाही दुखतोच आहे,
आणि माझ्या कागदाची सुटलेली टाचणी
पुन्हा नीट टोचून गेली.

तिबिलिसीत, परीक्षेच्या खोलीत
माझे हात टेबलाखाली हलत होते.
देखरेखीवरचा पोरगा दोनदा वाकून बघून गेला.
हातात काही नव्हतं.
समोरचं टोक धरायला तरी कोण होतं.
एकशेएक्केचाळीस, सोळाची घडी : एकशेअठ्ठावीसपासून एकशेत्रेचाळीसपर्यंत.
पुढचा. पुढचा.

शेवटी विचारलं होतं :
दोन राउटर, मध्ये एकच तार.
लहानात लहान जाळं किती?
तीस बिटांचा मास्क. चार पत्ते.
एक नावात गेला, एक हाकेत.
उरले दोन,
एक या टोकाला, एक त्या.

उत्तर केव्हाच आलं होतं.
वेळही बराच होता.
तरी बटण दाबायच्या आधी
मी एक घडी थांबले.