उद्याचं कोडं साडेदहाला

रुवीत रात्रीचे साडेदहा होतात
तेव्हा तिकडे तारीख बदलते.
सर्व्हर तिकडचं घड्याळ मानतो,
म्हणून इथे आमच्या खोलीत 'उद्या'
दीड तास आधीच येऊन बसतो,
लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा,
चपला काढू की नको अशा बेतात.

दिवसभर मी टाइल्सची बिलं करते.
चौरस, फुटलेले चौरस, गिऱ्हाइकाने परत पाठवलेले चौरस.
रात्री पुन्हा चौरसच आखते,
फक्त यांत अक्षरं बसतात.
बसतात कसली, बसवावी लागतात.
'राष्ट्र' मधला 'ष्ट्र' एका घरात राहील की तीन?
मशीन म्हणालं, पाच.
मोडलेले पायसुद्धा त्यानं वेगळे मोजले होते.
चार रात्री मी पाय जोडत होते.

शेर्लीला मराठी येत नाही.
कोट्टयमची, रात्रपाळीची नर्स, माझी रूम पार्टनर.
तरी पहिली परीक्षा तिच्याच बोटाखाली.
ती अक्षरं नाही, रंग वाचते:
"हा हिरवा ऑपरेशनच्या पडद्याचा. बदल.
आणि बरोबर आलं की एवढी फुलं कशाला उधळतेस?
दोन सलाइनच्या मधे मला एक मिनिट मिळतं.
अर्धं फुलांतच गेलं."

फुलं काढली.
अडीचशे ओळी गेल्या, ज्यांचा मला अभिमान होता.

आता खेळ एवढासाच:
रोज एक शब्द, त्याच्या तीन खुणा.
जाहिरात नाही, घंटा वाजवून बोलावणं नाही.
खेळणारे एकशे नऊ,
त्यातले निम्मे मावसभावाच्या ऑफिसातले,
आणि ते सोमवारी विसरतात.

अठ्ठेचाळिसावं कोडं. दोन अक्षरं.
पहिली खूण: तेल लावून, मधोमध.
दुसरी: होळीला, दुधातून.
तिसरी सुचेना. एसी थेंब थेंब बादलीत गळत होता.
शेवटी लिहिलं: उलट वाचल्यास अर्थ नाही.
लाज वाटली, पण पाठवून दिलं.

सकाळी दुक्महून निरोप.
लतीफ सारंग, गोदीत वेल्डर, मूळचा हर्णैचा.
"मॅडम, तिसरी खूण पाण्यात आहे.
अष्टमीच्या सुमाराला दर्या
धड चढत नाय, धड उतरत नाय,
त्याला आम्ही भांग म्हणतो.
उधाण सगळे विचारतात.
भांग कोण विचारतो?"

आठ वर्षं मी मत्रहच्या कठड्याला टेकून
त्याच पाण्याकडे बघत आले.
धड चढत नाही, धड…
मला वाटायचं, माझीच नजर मंदावली.
त्याला नाव आहे हे
सहाशे किलोमीटरवरून एका वेल्डरने कळवलं.

कोडं दुरुस्त केलं.
गेलेल्या दिवसाचं कोडं कुणी उघडत नाही.
तरी केलं.

मग राहिलं शेवटच्या पडद्यावरचं बटण.
'बंद करा' म्हटलं तर दुकानाचं शटर ओढल्यासारखं.
'जातो' आपण म्हणत नाही.
'येतो' लिहिलं, तर अर्ध्या जणी अडतील दारात,
'येतो' की 'येते' आधी विचारावं लागेल,
आणि मला कुणाला काही विचारायचं नव्हतं,
नाव नाही, गाव नाही, बाई की बुवा नाही.
एका बटणापायी आठवडा गेला.
शेर्ली म्हणाली, "आम्ही पण 'जाते' नाही म्हणत,
जाऊन येते म्हणतो."
आणि पांढरे बूट घालून ती खरंच जाऊन यायला निघाली.
मी सवयीने दारातून म्हटलं, "ये हं."

तेच ठेवलं. थोडं आदरार्थी करून.
कोडं सुटो न सुटो,
खाली लहान अक्षरांत खेळ म्हणतो:
या हं.

आत्ता दहा एकोणतीस.
बाहेर डोंगर अजून तव्यासारखे तापलेले,
शेर्लीची बस वळणावर,
दुक्मचा ठिपका अजून पेटलेला नाही.
आजचा शब्द तीन अक्षरी आहे,
आणि या वेळी तिसरी खूण
मी आधी लिहिली.