पाच-डी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, दुपारी अडीचला,
नव्या पोराने, निनादने, विचारलं:
मॅडम, बेंड काय नि एल्बो काय,
नव्वद अंश ते नव्वदच ना?

बरोबर आहे. गुण्याला दोन्ही सारखेच.

मी त्याला रॅककडे नेलं.
एल्बो ओळीत बसलेले, काळा रंग लावून,
अंगावर ग्रेड, हीट नंबर ठोकलेला,
तयार मापाच्या शर्टांसारखे.
आठ इंची नळी, बारा इंची त्रिज्या:
जागा नसेल तिथे निमूट कोपऱ्यात शिरतात.
पण आधी जोड, मग वळण, मग परत जोड,
आणि जोड आला की त्याची फिल्म आली,
रात्री, शेड रिकामी करून,
दोरी बांधून, पिवळा दिवा लावून.

बेंड म्हणजे तीच नळी.
सरळ चालत आली, वळली,
पुढे सरळ निघून गेली.
त्रिज्या व्यासाच्या पाचपट: चाळीस इंच.
मधे कुणी कापलं नाही, कुणी सांधलं नाही.

जेसंगभाई पाना पुसत म्हणाले,
एल्बो तो लवाय, बेंडने मनाववो पडे.

त्यांच्या तरुणपणी नळीत रेती भरायचे,
महीची, चाळलेली, तव्यावर भाजून कोरडी केलेली,
टोकांना लाकडी बुचं ठोकून भट्टीत.
एकदा रेती ओली राहिली.
वाफेने बूच उडालं, पत्र्याला भोक पाडून गेलं.
ते भोक अजून आहे.
अडीच ते तीनच्या दरम्यान
उन्हाचं एक नाणं शेडभर सरकतं,
आज ते निनादच्या बुटावर होतं.

आता कॉइल आहे.
बोटभर रुंदीचं लाल कडं नळीवर चढतं,
मागून पाण्याची फवार,
आणि नळी वळते इतकी सावकाश
की बघणाऱ्याला वाटतं, काहीच होत नाहीये.
जेसंगभाई त्या वेळात दोन विड्या ओढतात,
म्हणजे ओढायचे, आता बडीशेप खातात.

गार झाल्यावर मी जेल लावून प्रोब ठेवते.
मुळात भिंत आठ पूर्णांक दोन.
वळणाच्या बाहेरच्या अंगाला साडेसात,
आतल्या अंगाला नऊ.
बाहेरचीला लांबून जावं लागतं,
ती ताणते. आतली दाटते.
कुठल्या ठिकाणी वळण सुरू झालं
ते डोळ्याला दिसत नाही,
आकडेच सांगतात, हळूच.

(पुण्याची मावसबहीण फोनवर हसते,
तुझं मराठी वाकडं झालंय गं, तुम्ही बडोद्याची माणसं.
झालं असेल. चार पिढ्या वळतोय.
जोड शोधून दाखव.)

निनादला पटलं नसावं.
मग त्याला बाजव्यापलीकडच्या लाइनची गोष्ट सांगितली:
ड्रॉइंगमध्ये बेंड होता,
कुणीतरी खर्च वाचवून एल्बो टाकला.
दीड वर्ष काही बिघडलं नाही.
मग नळी साफ करणारं ते रबरी धूड,
ज्याला सगळे पिग म्हणतात,
आत सोडलं आणि ते अडकलं.
तीन दिवस एक म्हातारा फिटर
नळीला कान लावून बसला होता, डॉक्टरसारखा.
शेवटी कापावीच लागली. एल्बोमध्येच होतं,
खांदा घासून बसलेलं.

हा बेंड तिथेच चाललाय.

एल्बो मी एकदा स्कूटरवर, पायाशी ठेवून नेला होता.
याला टेम्पो लागला, तरी टोक बाहेर आलं.
मुस्तुफाभाईंनी त्यावर लाल फडकं बांधलं,
दोनदा गाठ तपासली.
फाटकातून बाहेर पडताना
टेम्पोला वळायला जागा पुरेना.
मागे. पुढे. परत मागे.
ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, नुसता हात बाहेर काढला.

समोरच्या चहावाल्याने गिऱ्हाइकांसकट
आपलं बाकडं उचलून भिंतीला लावलं.