शून्य सतरा

सोहार बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या घरघरीत मी जुनी फाइल उघडते.
कॅम्पातल्या एकशे चौदा माणसांची नोंद,
कुणा आजगावकरांनी हाताने केलेली,
जावास्क्रिप्टच्या ऐसपैस वळणात:
किल्ल्यांना अवतरण नाही, नावांना आहे ते एकेरी,
आणि शेवटच्या माणसानंतरही एक स्वल्पविराम,
जणू अजून कुणी विमानातून उतरायचंय.

जेसनला हे चालत नाही.
जेसन म्हणजे काचेमागचा शिक्केवाला.
दुहेरी अवतरण लावून या,
शेपटाचा स्वल्पविराम बाहेर ठेवा,
अनडिफाइन्ड असाल तर रांगेतच लागू नका.

खलफान म्हणाला, इव्हॅल कर, एका ओळीचं काम.
केलं. झालंही.
दुपारी मुरुगेसनचा फोन:
मॅडम, माझा डबा पंधरात कसा गेला?
सहा वर्षं मी सतरात राहतो.

शून्य सतरा.
तीन आकडे दिसावेत म्हणून पुढे लावलेलं शून्य,
आणि शून्य दिसलं की ही भाषा आठाच्या पाढ्यात शिरते:
आठ अन् सात, पंधरा.
दहा ते सतरा, आठही खोल्या
दोन दोन दारं मागे सरकलेल्या.
अठरा-एकोणीस तेवढ्या जागच्या जागी,
कारण त्या हिशेबात आठ-नऊ हे आकडेच नाहीत.

मग सर्व्हरवर नीट लिहायला बसले.
अक्षर अक्षर वाचायचं, काहीही चालवायचं नाही.
शून्याने सुरू होणारं सगळं अवतरणात, जसंच्या तसं.
रात्री दीडला पहिल्यांदा हिरवं: वैध.

आणि तेव्हा दिसलं काय गळलं ते.
दोन तिरक्या रेघांपुढचं, आजगावकरांचं मराठी:
// रातांधळा आहे, क्रेनवर नको
// पासपोर्ट मागेल तेव्हा देणे, प्रश्न नको
// आई गेली तेव्हा रजा नाकारली. पुढची द्यावी
जेसनमध्ये शेऱ्याला जागाच नसते.
मी 'शेरा' नावाची किल्ली जोडली,
पलीकडून उत्तर आलं: अनोळखी किल्ली, नामंजूर.

सकाळी एकोणीस शेरे छापून खलफानच्या टेबलावर ठेवले.
त्याला मराठी येत नाही. वाच, म्हणाला.
मी मोडक्या हिंदीत वाचत गेले.
तो चहा ढवळत होता, ढवळतच होता.
क्रेनवाला कोण, त्याने विचारलं,
आणि फोन उचलला.