जुनी परत दिल्यास

सेल्फ दाबला की गाडी नुसतं ‘टक्’ करते,
टाळूवरून जीभ सोडून
कुणी नाही म्हणावं, तशी.

पहाटे पावणेसहा, धनकवडी.
पाठीवर नमुन्यांची पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या,
आणि तिकडे सहकारनगरात
बारा तासांचे उपाशी काळदाते आजोबा
गॅलरीत उभे, चहावाचून कातावलेले.
किक आहे, पण तिचे दात झिजलेत.
सात वेळा मारावी तेव्हा आठव्यांदा ऐकते.
आठव्यांदाही ऐकलं नाही, त्या दिवशी मी ठरवलं.

यल्लप्पानं मीटर लावला: अकरा पॉइंट दोन.
हॉर्न दाबायला सांगितला: आठ.
“गेली,” म्हणाला.
डॉक्टर इतकं सरळ कधी म्हणत नाहीत,
ते म्हणतात, बघू.

नाना पेठेत हातिमभाईंनी काउंटरवर तीन मांडल्या.
एक कंपनीची, चौदाशे साठ,
अठ्ठेचाळीस महिन्यांची हमी.
दुसरी आठशे ऐंशी, नाव कधी न ऐकलेलं,
वर वीज पडतानाचं चित्र, आणि बारा महिने.
तिसरी जुनीच, पुन्हा भरलेली, पाचशे.
हमी?
“दुकान तर इथंच आहे ना, ताई.”

मी शाळेत शिकवलेला भागाकार केला,
रक्ताच्या फॉर्मच्या पाठीमागे.
पहिली पडते महिन्याला तीस रुपये आणि काही पैसे,
दुसरी त्र्याहत्तर.
स्वस्त तीच महाग, हे मलाही दिसतं.
पण पर्समध्ये अकराशे आहेत
आणि त्यातले दोनशे पेट्रोलचे.
भागाकाराला खिसा नसतो.

शिवाय लॅबचा माझा करार अकरा महिन्यांचा,
मध्ये चार दिवसांची फट ठेवून पुन्हा नवा,
करतील तर.
अठ्ठेचाळीस महिने
मी आजवर कुणालाच सांगितलेले नाहीत,
घरमालकाला नाही, भावाला नाही,
जो दोन वर्षं विचारतोय, पुढं काय ठरवलंस.
मग एका बॅटरीला कसे सांगू?

बारावाली घेतली.
माझ्याहून एक महिना जास्त.

“तारीख बघून घ्या,” हातिमभाई म्हणाले,
“फळीवर नुसती पडून पडूनसुद्धा मरते ही.”
बुडाशी ठसा होता, मार्चचा.
हा मे. चालेल.

जुनी परत दिल्यास दीडशे कमी.
तिच्या कुशीवर माझ्याच हातची तारीख होती,
लाल नेलपॉलिशनं लिहिलेली, तीन वर्षांपूर्वीची.
तेव्हा मी नेलपॉलिश लावायचे.
हातिमभाईंनी ती काट्यावर टाकली.
“शिसं आहे, ताई. मेल्यावरही भाव आहे.”
मी म्हटलं, आमच्याकडं मेल्यावर
रिपोर्ट न्यायलाही कुणी येत नाही.
ते हसले नाहीत. पावतीवर शिक्का मारत राहिले.

यल्लप्पानं आधी लाल वायर जोडली, मग काळी,
आणि माझ्याच पर्समधलं व्हॅसलीन मागून घेतलं,
दोन्ही टोकांना चोपडलं
थंडीतल्या लेकराच्या ओठांना लावावं तसं.
सीट बसवायच्या आधी मी म्हटलं, थांब,
आणि नळ्यांवर लिहायचा मार्कर काढला.
नाव. वय. तारीख.
सवयीनं लिहीत गेले.
वयापुढं शून्य घातलं,
मग मार्च आठवला,
खोडून दोन महिने केलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा गॅलरीत नव्हते.
सहा वाजून पाच मिनिटांनी मी खालून हॉर्न दिला,
खणखणीत, जरा जास्तच वेळ.
वरून आवाज आला,
“अहो बाई, हळू!
अख्खी सोसायटी उपाशी नाही.”