सकाळचा खर्ज

सत्ताविसाव्या वर्षी विस्वाल्दिस बाप झाला,
स्वतःहून सहा वर्षांनी मोठ्या मुलीचा.
रीगाच्या ऑपेरात खालच्या आवाजाला
तरुणपण देत नाहीत :
बाप, पुरोहित, तुरुंगाचा रखवालदार,
फार तर सैतान, तोही शेवटच्या अंकापुरता.
डिंकाने चिकटवलेली दाढी
स्काइद्रीते घरी कोमट तेलाने सोडवायची
आणि विचारायची, आज किती वेळा मेलास?

मग ऑपेरा सुटला. का, ते त्याने सांगितलं नाही.
एवढंच, की नव्या व्यवस्थापकाचं पत्र आलं
आणि त्यात त्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं.

चर्चच्या गायकवृंदात चौसष्ट माणसं.
तिथे तो कुणालाच वेगळा ऐकू येत नसे.
जोत्याचा दगड कोण बघतं?
एका फेब्रुवारीत, दाउगावा गोठलेली असताना,
तो तापाने पडला,
आणि दुसऱ्याच ओळीला आइया बाईंनी हात खाली घेतले,
पायांकडे बघत म्हणाल्या, फरशी कुणी काढली?

आमच्यात आला तेव्हा एकसष्ट.
आम्ही पाचजण, वाद्य एकही नाही,
भाड्याची व्हॅन, लग्नं, मॉलची उद्घाटनं.
बावीस वर्षांच्या मादाराने त्याला
ओठांनी ढोल वाजवायला शिकवलं.
थुंकी उडायची, तो माफी मागायचा,
वहीत लिहून घ्यायचा : डुम्, क्, डुम् डुम्, त्स.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
सैतानाच्या ओळी, इटालियनमध्ये.

स्टॉकहोमच्या बोटीवर आम्ही बेसूर झालो.
एकमेकांकडे संशयाने बघू लागलो.
तो खाली वाकला, तळवा डेकला लावला.
इंजिन गातंय, म्हणाला, आपल्यापेक्षा जरा उतरून.
त्याला काय सांगणार? आपणच उतरू.
त्या रात्री अख्खी बोट आमचा तंबोरा,
आणि बिअर पिणारी माणसं का गप्प झाली
ते त्यांनाही कळलं नसेल.

आता तो येत नाही. गुडघे, आणि बाकीचं.
पण खर्ज सकाळीच सापडतो,
बोलण्याआधी, कॉफीआधी,
रात्रभर गळ्यात बसलेल्या गाळात.
म्हणून सहाला फोन वाजतो.
तो काही बोलत नाही. श्वास घेतो.
मग
काही नाही.
फोनला इतकं खालचं पेलवत नाही,
मी दुकानात विचारून आलोय.
नुसती एक थरथर,
दोन गल्ल्या सोडून ट्राम गेल्यासारखी,
आणि मग त्याचा दिवसातला पहिला शब्द : लागला?

मी वरच्या सुरांचा माणूस,
त्या तळाशी मला कधीच जाता आलं नाही.
पलंगाच्या कडेवर बसून
अनवाणी पाय फरशीवर टेकवत म्हणतो,
लागला.
कालच्यापेक्षा जरा खालीच.

तो फोन ठेवतो.
मी चहा ठेवतो.